घुमटाखालचं बाक

“आई आज नाहीये. डोळे तपासायला गेलीय. म्हणून तर आजचा दिवस धरला,” ठकी म्हणाली, आणि चष्मा पुसणारा तिच्या आईचा हात जागच्या जागी थांबला. आवाज अगदी कानाशी आला होता. लहानपणी ठकी मागून येऊन खांद्यावर हनुवटी टेकवून बोलायची, तितक्या जवळून. आईने मागे वळून पाहिलं नाही. या जागेवर बसणारं माणूस वळून पाहत नाही, ते पहिल्या आठवड्यातच शिकतं. ठकी मागे नव्हतीच. ती समोर होती, या अवाढव्य दालनाच्या पार पलीकडच्या टोकाला, भिंतीतल्या दगडी बाकावर, वरच्या झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात. शेजारी मांडीवर फाइल घेऊन जावई बसला होता. मधे शे-दीडशे माणसं उभी होती, बसली होती, भांडत होती, पोरांना दटावत होती. त्यांच्यातल्या एकालाही ठकीचं वाक्य ऐकू गेलं नव्हतं. तिला मात्र वाक्याच्या आधी ठकीने गिळलेला आवंढासुद्धा ऐकू आला. सवयीने तिने श्वास धरला. श्वास धरल्याशिवाय नीट ऐकू येत नाही.

ज्यांनी हे बांधलं ते केव्हाच गेले. त्यांची नाणी गेली, निशाण गेलं, त्यांची भाषा आता चार-दोन विद्वान अडखळत वाचतात. इमारत तेवढी राहिली. त्यांच्या काळी इथे गाऱ्हाणी घेऊन लोक यायचे, मग कुणी धान्य साठवलं, कुणी सैनिक ठेवले, आणि आता नवराबायकोचे तंटे मिटवायची कचेरी आहे. न्यायाधीशाकडे जाण्याआधी प्रत्येक जोडप्याला तिच्यापुढे बसावं लागतं. तिचं टेबल एका खोल कोनाड्यात आहे. बाकावरून पाहिलं तर कोनाड्यात नुसता अंधार दिसतो, कोनाड्यातून पाहिलं तर बाकावरच्या माणसाच्या कपाळावरची आठीही दिसते. आणि बाकावर कुजबुजलेला शब्द घुमटाच्या पोटावरून घसरत थेट कोनाड्यात उतरतो. येणारा प्रत्येक जण चारचौघांदेखत बोलायचं नाही म्हणून एकांत शोधतो, टेबलापासून सगळ्यात लांबची जागा निवडतो, आणि नेमका त्या बाकावर जाऊन बसतो. तिथे दगड थंडगार आहे, टेकायला पाठ आहे, जवळपास कुणी नाही. आजवर एकाही जोडप्याने ही चूक केल्यावाचून तिच्या टेबलापाशी पाऊल ठेवलं नव्हतं. मग ती त्यांना बोलवायची, पाणी द्यायची, थोडा वेळ कागद चाळायची आणि म्हणायची, “मला वाटतं तुमच्या दोघांच्या भांडणात तिसरंच कुणीतरी आहे, मोठी जाऊ वगैरे.” बाई हमसून हमसून रडायला लागायची. नवरा थक्क होऊन पाहायचा. बरीचशी जोडपी इथूनच परत घरी जायची. कचेरीत तिला पाठीमागे डिंकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तेही बाकावरूनच कळलं होतं.

आज ती यायचीच नव्हती. डोळ्यांचे डॉक्टर स्वतःच आजारी पडले होते, दवाखान्यातल्या मुलीने दारातूनच परत पाठवलं, आणि घरी जाऊन करायचं काय म्हणून ती इकडे आली. घरी नवरा असतो, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे घसा फोडायचा. गेल्या काही वर्षांत त्याचे कान पार गेलेत. घरी ओरडायचं आणि कचेरीत श्वास धरायचा, अशी तिची दोन टोकं झालीत. ती हल्ली फार दमते. काम काहीच नसतं, खुर्चीवरून उठावंही लागत नाही, तरी संध्याकाळी हातपाय गळून जातात. जिना चढताना मधेच थांबून ती भिंतीला हात टेकते, तेव्हा दिवसभरात ऐकलेलं कुणाकुणाचं काहीबाही डोक्यात चालूच असतं. तू झोपेत तिचं नाव घेतलंस. माझ्या आईला कुत्रं म्हणाला होतास. मला मूल नकोच होतं कधी. ही वाक्यं तिची कुणी लागत नाहीत, पण जातही नाहीत.

सकाळी ती आली तेव्हा दालनाच्या मधोमध एक प्राध्यापक विद्यार्थी घेऊन उभे होते. उंच, वाकलेले, घुमटाकडे बोट दाखवून तळमळून बोलत होते. ते म्हणत होते, हा दगड इथला नाही, तो नदीपलीकडच्या तीन खाणींमधून आलाय. म्हणजे रस्ते होते, गाड्या होत्या, बैलांना चारा होता, आणि एवढी वर्षं काम चालू राहिलं म्हणजे तेवढी वर्षं शांतता होती. सगळ्या खाणींवर एकच माप चालत होतं, नाहीतर कमान बसलीच नसती. घुमट बघून आपण सौंदर्य म्हणतो, ते म्हणाले, पण हे सामर्थ्य आहे, हजारो माणसांना एका मापात आणण्याचं. एका मुलीने विचारलं, “मग सर, इतकं सगळं असून ते बुडले कसे?” प्राध्यापक हसले. “इमारत ते सांगत नाही. इमारत फक्त काय होतं ते सांगते.” तिला ते पटलं. माणूस खरं बोलत होता. मनात आलं, यांना जरा कोनाड्यात बोलवावं, खुर्चीवर बसवावं आणि म्हणावं, गुरुजी, दगड उचलायला ताकद लागते हे खरं, पण हे ऐका. बाहेरच्या पायऱ्या इतक्या बुटक्या आणि रुंद केल्यात की रागाने तरातरा चढून येताच येत नाही, माणूस वर पोचेपर्यंत निम्मा थंड झालेला असतो. मग हा घुमट त्याला मुंगीएवढा करतो. मग तो घाबरून कोपरा शोधतो आणि आपल्या माणसाशी बोलतो. आणि इथे अंधारात बसलेल्या अधिकाऱ्याला, त्याने तोंड उघडण्याआधी, त्याचं सगळं कळलेलं असतं. मग अधिकारी दयाळू होतो. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस गावी जाऊन सांगतो, काय सांगू, त्यांनी नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. अशी किती गावं त्या राज्याने तलवार न उपसता राखली असतील! पण तिने कुणाला बोलावलं नाही. ही गोष्ट बोलायची नसते. जुने साहेब निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः पलीकडे बाकावर जाऊन कुजबुजले, “आता ही जागा तुमची,” आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हता तो. सुखाचाच होता.

“तरी आईंना आधी सांगू या,” जावई म्हणाला. “त्यांच्याच कचेरीत फाइल येणार. आज ना उद्या कळणारच.”

“आईला सांगितलं की संपलं.” ठकीचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता, आणि तेच तिला जास्त लागलं. “ती रागावणार नाही, काही नाही. नुसती ऐकेल. चहा करेल. मग चार दिवसांनी भाजी चिरता चिरता एक वाक्य बोलेल. आणि आठवड्याने मीच तुला म्हणेन, जाऊ दे रे, राहते मी. मला कळणारसुद्धा नाही की तिने हे कसं केलं.”

कोनाड्यात तिचा चेहरा तापला. लेकीने नेमकं ओळखलं होतं. घरीसुद्धा ती कोनाड्यातच बसली होती की. शिक्षणासाठी दूरच्या शहरी जायचं म्हणून ठकी हट्टाला पेटली होती तेव्हा ती वाद घालत बसली नाही. मैत्रिणीशी फोनवर बोलताना ठकीच्या तोंडून एकटीने झोपायची भीती वाटते एवढं निसटलं, ते दाराआडून तिच्या कानावर पडलं, आणि पुढे कधीतरी पानं वाढताना ती सहज म्हणाली, रिकाम्या घरात रात्री फार आवाज होतात बाई. बस. ठकी गेली नाही. त्या वेळी तिला वाटलं होतं, पोरीला आपण न दुखावता वाचवलं. कशापासून वाचवलं ते मात्र तिला आज सांगता आलं नसतं. आणि समोर तिची मुलगी, तिशी उलटलेली, कपाळावर आईचीच आठी असलेली, नवऱ्याला सोडायला निघाली होती आणि आईपासून लपत होती. परकं कुणी असतं तर तिने आतापर्यंत मनातल्या मनात वाक्य जुळवायला घेतलं असतं. खरं म्हणजे घेतलंही होतं. जावई चांगला आहे, निर्व्यसनी आहे, ठकी एकटी पडेल. भांडणाचं कारण एकदा कळलं की त्याच्यावर बोट ठेवून दोन महिन्यांत हे घर परत सांधता येईल. हे तिला जमलं असतं. तिची खात्री होती.

“मला तरी सांग,” जावई म्हणत होता. “वर्षभर विचारतोय. मी मारत नाही, ओरडत नाही, सगळं तुझ्या मनाप्रमाणे होतं. मग झालं काय?”

“सांगते,” ठकी म्हणाली. “आज सांगते. पण मधे बोलू नकोस.”

आणि ती थांबली. शब्द जुळवत असावी. तिच्या पर्सची साखळी वाजली, उघडली, मिटली. इकडे आईने कानात प्राण आणले. सगळं दालन मागे सरलं, फक्त मुलीचा श्वास उरला, आत जाणारा, बाहेर येणारा. आता येईल. आता कळेल. दोन हातांनी तिने टेबलाची कड धरली होती आणि तिला एकदम जाणवलं की आपल्याला आनंद होतोय. मुलीचा संसार मोडायला आलाय आणि आपण तहानलेल्यासारख्या बसलोय. तिला स्वतःची किळस आली. हे कारण एकदा कानात शिरलं की ते बाहेर काढता येणार नव्हतं. ती कितीही शहाणपणाने वागायचं ठरवो, चार दिवसांनी, महिन्याने, ते वाक्य बनून तोंडातून निघणारच होतं. उठून जावं म्हटलं तर ऐकायची ओढ उठू देईना. आणि तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “आपल्या घरात ना...” आणि जे जुन्या साहेबांनी कधी केलं नाही, त्यांच्या आधी इथे बसलेल्या कुणीच केलं नसेल, ते तिने केलं. ती बोलली.

“ठके, थांब. इथे ऐकू येतं.”

ती अगदी हळू बोलली होती. पलीकडे ठकी दचकून उभी राहिली. तिने मागच्या भिंतीकडे पाहिलं, वर पाहिलं. जावयाच्या मांडीवरची फाइल खाली पडली. “आई?” ती म्हणाली. तेवढा एकच शब्द, पण त्यात भीती होती, लहानपणी अंधारात हाक मारायची तशी.

“समोर बघ. कोनाड्यात आहे मी.”

ठकी गर्दीतून वाट काढत आली. माणसं बाजूला होत होती, एका म्हाताऱ्याला तिचा धक्का लागला, तिने मागे वळून माफीसुद्धा मागितली. टेबलापाशी येऊन ती उभी राहिली तेव्हा तिला धाप लागली होती.

“तुझे डोळे?”

“डॉक्टरच आजारी पडलेत.”

ठकी हसली नाही. “किती ऐकलंस?”

“आपल्या घरात ना, इथपर्यंत.”

“आणि सगळ्यांचंच ऐकतेस? हे सगळे जे येतात त्यांचं?”

“हो.”

“अगं, सगळे म्हणतात तुला माणसाची पारख आहे. मीसुद्धा म्हणत आले,” ठकी म्हणाली. “मग आता सांग ना. काय करू मी? तुझ्याकडे सगळ्यांसाठी काहीतरी असतं.”

तिने खरोखरच शोधलं. घाई करू नका. एक महिना द्या एकमेकांना. मधे बोलणारं माणूस दूर ठेवा. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली वाक्यं तिथे होती, पण त्यातलं एकही उचलावंसं वाटेना. “मला नाही माहीत,” ती म्हणाली. “तुझं मला काहीच माहीत नाही गं.”

 ठकी टेबलाला वळसा घालून आत आली आणि शिपायाच्या स्टुलावर आईच्या शेजारी बसली. कोनाडा दोघींना अपुरा होता. तिच्या केसांना पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलसारखा वास येत होता. सकाळी घाईत न्हाली असावी. आईला वाटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवावा. तो ठेवण्याआधीच ठकीची मान ताठ झाली.

पलीकडे बाकावर जावई एकटाच उरला होता. त्याने खाली वाकून फाइल उचलली होती आणि तो स्वतःशी बोलत होता. नुसतं पुटपुटलेलंही कोनाड्यात पोचतं, हे त्याला अजून उमगलेलं दिसत नव्हतं. बाकावर एकटं राहिलेलं माणूस पुढचं बोलणं घोटून पाहतं, हे तिला ठाऊक होतं. ओठातल्या ओठात तो म्हणत होता, “जाऊ नकोस. हं, असं नको. मला कळत नाही माझं काय चुकलं, पण... हे पण नको. मला भीती वाटते. तू घरात नसलीस की मी दिवे लावत नाही...” आवाज कोनाड्यात इतका स्पष्ट उतरत होता की ठकीने दचकून आईकडे पाहिलं. आईला वाटलं, आता ही रडेल. पण ठकी रडली नाही. ती पुढे झुकली, श्वास धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरू लागलं, हातात काहीतरी लागल्याचं. वर्षभर हा माणूस तिला कळला नव्हता आणि आता आपोआप उघडा पडत होता. आईने तो चेहरा ओळखला. जुन्या साहेबांच्या निरोपाच्या संध्याकाळी तिचा स्वतःचा असाच झाला असणार. ते राजे गेले, त्यांच्या भाषेत आता कुणी शिवीही देत नाही, आणि ही जागा अजून त्यांच्यासाठी माणसं तयार करत होती. उद्या हीच ठकी घरी जाऊन, वेळ बघून, अगदी सहज म्हणेल, तू अंधारात का बसतोस रे? आणि तो थक्क होऊन हिच्याकडे पाहील. हिचा संसार टिकेलही. पण टिकेल तो असा.

“ऊठ इथून,” ती म्हणाली.

ठकीने न बघताच हात वर केला. “थांब ना. बोलतोय तो.”

“ऊठ म्हणते ना!”

“अगं, माझ्याबद्दलच बोलतोय. मला कधी सांगितलं नाही त्याने हे. ऐकू दे ना गं आई.”

“म्हणूनच ऊठ.” तिने ठकीचं मनगट धरलं आणि ओढलं. इतक्या जोरात तिने मुलीला तिच्या लहानपणीही कधी ओढलं नव्हतं. स्टूल कलंडलं. जवळचे लोक पाहायला लागले. “जायचं तर जा त्याला सोडून. राहायचं तर राहा. पण तिथे समोर जाऊन बस आणि त्याने तोंडावर सांगितलं तरच ऐक. नाही सांगितलं तर नाही. तू काय सांगायचं ते सांग. मी नाही इथे. मी बाहेर जाते.”

ठकीच्या डोळ्यांत राग होता. तिने मनगट चोळलं. मग तिने पडलेलं स्टूल सरळ केलं, आणि ती गर्दीत शिरली. तिच्या आईने ती बाकापर्यंत पोचेपर्यंतही वाट पाहिली नाही. पर्स घेतली, चष्मा टेबलावरच राहिला, आणि भिंतीच्या कडेकडेने ती बाहेर पडली. दारापाशी पोचेपर्यंत दोन्ही कानांवर हात ठेवावेत असं वाटत होतं. दारात शिपाई भेटला.

“मॅडम, दोन जोडपी थांबलीत.”

“थांबू देत. कोनाड्यातलं टेबल उद्या बाहेर दालनात घ्यायचंय, खिडकीपाशी.”

“तिथे फार गोंगाट आहे मॅडम. काही ऐकू यायचं नाही.”

“हो,” ती म्हणाली, आणि बाहेर आली.

ऊन चढलं होतं. पायऱ्यांवर सावलीच्या पट्ट्यात नेहमीसारखी माणसं बसली होती, पिशव्या, डबे, पेंगणारी पोरं घेऊन. वर्षानुवर्षं ती यांच्यामधून वाट काढत वर गेली होती, पण बसली कधी नव्हती. उतरायचं म्हणून तिने एक पाय खाली टाकला आणि ती थांबली. आत या क्षणी ठकी बोलत असेल. आपल्या घरात ना, याच्यापुढचं. कदाचित तो रडत असेल. कदाचित ती एकटीच बाहेर येईल आणि आईकडे न बघता निघून जाईल, आणि पुढे कधी येणारही नाही. असं झालं तर तिला त्याचं कारण कधीच कळणार नव्हतं. आत जायला फार तर मिनिटभर लागलं असतं. कोनाडा रिकामा होता.  मग ती होती तिथेच, पायरीवर बसली. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढून तिला जागा करून दिली.

“तुमचंही कुणी आत आहे?” बाईने विचारलं.

“मुलगी.”

“काय झालंय तिचं?”

ती बोलायला गेली आणि तिला थांबावं लागलं. “नाही सांगितलं तिने,” ती म्हणाली. “अजून काहीच नाही सांगितलं.” बाईने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली, आणि तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.